कित्ता

शोळिंगनल्लूरच्या सिग्नलपासून थोडं आत गेलं की एका मोकळ्या प्लॉटभोवती उंच हिरव्या जाळ्या बांधलेल्या दिसतात. आत दहा-बारा रबरी चटया, प्रत्येक चटईशेजारी चेंडूंची बादली आणि समोर अंतराच्या पाट्या रोवलेल्या. एका बाजूला आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूला मेट्रोच्या कामाची धूळ. इथे येणारे लोक या जागेला रेंज म्हणतात. एका जागी उभं राहून चेंडू मारायचा आणि तो कुठे जातो ते बघायचं, एवढंच इथे चालतं.

गेल्या वर्षभरात इथे मी गोल्फ शिकलो असं म्हणता येणार नाही. पण इथे मला एक प्रश्न पडला आणि त्याचं टोक माझ्या स्वतःच्या कामात जाऊन रुतलं. म्हणून हे लिहितो आहे.

मी भाषांतरकार आहे. तमिळमधून आणि इंग्रजीतून मराठीत पुस्तकं आणतो. बायकोच्या नोकरीमुळे नऊ वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आलो. दिवसाचे आठ तास खुर्चीत काढल्यावर जे व्हायचं ते झालं आणि उजवा खांदा आखडला. तो मोकळा झाल्यावर फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, आता कंबरेतून वळावं लागेल असं काहीतरी करत जा. बायकोच्या ऑफिसातल्या एकाने ही रेंज सुचवली. तोवर गोल्फ मला वुडहाउसच्या कथांपुरताच माहीत होता.

इथे शिकवणारे गृहस्थ साठीचे आहेत. लहानपणी गिंडीच्या कोर्सवर कॅडी म्हणून साहेबांच्या बॅगा वाहायचे; खेळ शिकले ते बघून. चेन्नईत पोहायला शिकवणारा असो की नाचायला, त्याला मास्टर म्हणतात. म्हणून मीही त्यांना मास्टर म्हणतो आणि ते मला ‘सार’ म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला पन्नास चेंडू मारायला सांगितले आणि स्वतः मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. मला तो आळस वाटला.

मी पडलो पुस्तकी माणूस. घरी येऊन बेन होगनचं ‘फाइव्ह लेसन्स’ मागवलं. १९५७ चं हे पुस्तक. हर्बर्ट वॉरन विंड या लेखकाच्या मदतीने होगनने ते लिहिलं आणि अँथनी रॅव्हिएलीने त्यातली चित्रं काढली. स्नायूंच्या रेषा इतक्या नेमक्या की शरीरशास्त्राचा ग्रंथ वाटावा. त्यातला डाव्या हाताच्या पकडीचा धडा मी वहीत उतरवून घेतला. जुन्या फिती सावकाश चालवून होगनचा वर जाणारा हात थांबवला आणि आरशासमोर तसाच हात धरून उभा राहिलो. तीन आठवड्यांत माझा जवळजवळ प्रत्येक चेंडू निघताना सरळ निघून मग उजवीकडे वळत जाळीत जायला लागला. गोल्फमध्ये याला स्लाइस म्हणतात. नवशिक्याचा हा नेहमीचा आजार. मला तो आधीपासून थोडा होताच, आता पुरता जडला.

एके सकाळी मास्टर खुर्चीतून उठून आले. माझा डावा हात क्लबवरून सोडवला, उलटसुलट करून पाहिला आणि तमिळमध्ये विचारलं, ‘‘सार, हा हात कुणाचा?’’

मी होगनचं नाव सांगितलं. त्यांना ते ठाऊक होतं. ते म्हणाले, ‘‘त्याला हुकचा त्रास होता. तुम्हाला आहे का?’’

मी घरी जाऊन शोधलं, आणि मास्टरांचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. होगनच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याचा चेंडू डावीकडे फार जोरात वळायचा. या हुकने त्याला कंगाल व्हायची पाळी आणली होती. त्यातून सुटण्यासाठी त्याने डावा हात क्लबवर थोडा उलट्या दिशेला फिरवून धरला, म्हणजे क्लबचं तोंड मिटायला वेळ लागेल आणि चेंडू डावीकडे पळणार नाही. मनगटाचीही एक खास ठेवण त्याने शोधली आणि १९५५ मध्ये ‘लाइफ’ मासिकात ती आपलं गुपित म्हणून जाहीर केली. तिथेच त्याने असंही सांगून ठेवलं होतं की कच्च्या खेळाडूचा यात फायदा नाही, उलट त्याचा खेळ बिघडेल. ज्याचा चेंडू आधीच उजवीकडे जातो त्याने ही पकड घेतली तर तो आणखी उजवीकडे जाणार, हे उघड आहे. होगनने आपल्या रोगावर काढलेलं औषध मी घेतलं होतं, आणि माझा रोग बरोबर उलटा होता.

इथून मला प्रश्न पडला. थोरांचं तंत्र उचलताना आपण नेमकं काय उचलतो? आणि ते दुसऱ्याला देताना देणाऱ्याचा अधिकार कुठवर चालतो?

याचं एक सोपं उत्तर हवेत तयारच असतं. कुणाची नक्कल करू नका, स्वतःचा स्विंग शोधा, स्वतःचा आवाज शोधा. हे उत्तर मला पटत नाही, कारण इतिहास त्याच्या बाजूने नाही. १९३० साली एकाच वर्षात चार मोठ्या स्पर्धा जिंकणारा बॉबी जोन्स घ्या. अटलांटाच्या ईस्ट लेक कोर्सवर स्ट्यूअर्ट मेडन नावाचा स्कॉटिश व्यावसायिक होता, कार्नूस्टी गावचा. लहानगा जोन्स त्याच्या मागे मागे फिरायचा, तो मारतो तसं घरी जाऊन मारायचा. रीतसर धडे असे त्याने घेतले नाहीत. तो फक्त बघत आणि करत राहिला. त्याच्या काळातला सर्वांत देखणा म्हणून ज्या स्विंगचं कौतुक झालं, तो मुळात नक्कल होता.

आमच्याकडेही गायक, कीर्तनकार, सुतार, गवंडी असेच तयार झाले. ज्या गावांतून मी तमिळ पुस्तकं आणतो त्यांतल्या तंजावरचंच उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकात मोरगावकरबुवांची मराठी कीर्तनं तंजावरात गाजत होती. ती ऐकून कृष्ण भागवतरांनी त्या कीर्तनाचा बांधा उचलला, साकी, दिंडी, ओवी, अभंग उचलले, आणि कर्नाटक संगीताच्या अंगाने तमिळमध्ये कथा सांगायला सुरुवात केली. तमिळ हरिकथेला आज जे रूप आहे ते त्यातून आलं. या उसनवारीमुळे तमिळ भाषेचं काही कमी झालं असं कुणी म्हणत नाही.

आपल्या भाषेत तर शिकण्यासाठी शब्दच मुळी गिरवण्याचा आहे. माझ्या आजीने पाटीवर ‘अ’ काढून दिला आणि त्यावरून पेन्सिल फिरवायला लावली. त्या नमुन्याला ती कित्ता म्हणायची. कित्ता गिरवता गिरवता अक्षराला वळण येतं. मराठीत हा ‘वळण’ शब्द रस्त्याला लागतो, अक्षराला लागतो आणि पोरांनाही लागतो. एखादी गोष्ट सवयीची झाली की ती अंगवळणी पडली म्हणतो. चटईवर उभं राहून खांदे फिरवताना हे शब्द मला पहिल्यांदा शब्दशः कळले. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाची सुरुवात लेखनक्रियेने केली आहे. अक्षर वाटोळं असावं, मोकळं असावं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं, असा त्यांचा आग्रह. मोक्षाच्या ग्रंथात हे कशाला, असं लहानपणी वाटायचं. आता वाटतं, दुसऱ्याला वाचता यावं म्हणून स्वतःच्या हाताला शिस्त लावणं ही नैतिक गोष्टच आहे.

तेव्हा अनुकरण नको असं म्हणून भागत नाही. होगनच्या बाबतीत माझं जे चुकलं आणि जोन्सच्या बाबतीत जे साधलं, त्यांत फरक काय होता ते पाहायला हवं.

मला दिसणारा एक फरक हा की जोन्सने माणूस बघितला आणि मी पुस्तक वाचलं. गोल्फचा स्विंग वर जायला सुमारे पाऊण सेकंद लागतो, खाली यायला त्याच्या एक तृतीयांश, आणि चेंडू क्लबला चिकटून असतो तो साधारण अर्धा मिलिसेकंद. एवढ्या वेळात आपलं शरीर काय करतं हे खेळाडूला कळत नाही; त्याला फक्त जाणवतं. मोठ्या खेळाडूंनी आपल्या स्विंगचं केलेलं वर्णन आणि कॅमेऱ्याने टिपलेला स्विंग पुष्कळदा जुळत नाहीत. म्हणजे त्यांचं पुस्तक हे जाणिवेचं शब्दांत केलेलं भाषांतर असतं. भाषांतर वाचून मूळ ग्रंथ हातात आला असं मानणाऱ्या वाचकाला मी मनातल्या मनात हसतो. रेंजवर मी तोच वाचक झालो होतो.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. प्रत्येक तंत्र हे कुठल्या तरी अडचणीचं उत्तर असतं. अडचण पुसली जाते आणि उत्तर तेवढं मागे राहतं. मग लोक ते उत्तर गिरवतात.

कुमार गंधर्वांचं उदाहरण मराठी माणसाला सांगायला नको, पण या अंगाने ते पुन्हा बघण्यासारखं आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकाळी हा मुलगा ध्वनिमुद्रिका ऐकून मोठमोठ्या गवयांचं गाणं हुबेहूब गायचा. बाराव्या वर्षाच्या आत त्याने मुंबईच्या जाणकारांना थक्क केलं. पुढे तो देवधर मास्तरांकडे शिकला. मग १९४७ मध्ये क्षयाने गाठलं, १९४८ च्या सुरुवातीला देवासला मुक्काम हलवला, आणि काही वर्षं गाणं बंद राहिलं. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. पुन्हा गायला लागले तेव्हा ते लांब दमाचं गाणं राहिलं नव्हतं. लहान लहान, अचानक उसळणारे तुकडे, मधल्या जागा, माळव्याच्या लोकगीतांचा वास. हे श्वासामुळे घडलं की विचारामुळे, यावर रसिक अजूनही वाद घालतात. माझ्या मते दोन्ही. अडचण शरीराने आणली आणि उत्तर बुद्धीने शोधलं.

नंतर दोन्ही फुप्फुसं धडधाकट असलेली माणसं ते तुकडे तसेच गाताना मी ऐकली आहेत. त्यांचा सूर खोटा नव्हता. तरी ऐकताना असं वाटायचं की ही माणसं जिन्यावरून एकेक पायरी थांबत उतरताहेत आणि त्यांच्या गुडघ्याला काही झालेलं नाही. होगनचा डावा हात माझ्या क्लबवर तसाच दिसत असणार.

इथवर प्रश्न शहाणपणाचा होता. पुढे तो न्यायाचा होतो.

मार्सेल मॉस या फ्रेंच मानवशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये शरीराच्या तंत्रांवर एक व्याख्यान दिलं. चालणं, पोहणं, बसणं, झोपणं हे माणूस निसर्गतः करतो असं आपण धरून चालतो; मॉसने दाखवलं की हे सगळं समाजाकडून शिकलेलं असतं. एम.ए.ला ते व्याख्यान वाचताना एक मुद्दा मनात राहिला होता. आपण वाटेल त्याची नक्कल करत नाही. ज्याच्या कृतीला यश आलेलं दिसतं आणि ज्याचा आपल्यावर वचक असतो, त्याची करतो. अनुकरणात प्रतिष्ठा आधीच शिरलेली असते. मग ज्याला प्रतिष्ठा नाही त्याच्या तंत्राचं काय होतं?

डर्बनचा ‘पापवा’ सेवगोलम हा गिरमिटियांच्या वंशातला माणूस. ऊसमळ्यांवर राबायला हिंदी मजूर घेऊन जाणारं पहिलं जहाज, ‘ट्रुरो’, १८६० मध्ये याच मद्रासच्या बंदरातून डर्बनला निघालं होतं. पापवा कॅडी होता. त्याला कुणी पकड शिकवली नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा हात क्लबवर खाली असतो. याचा डावा खाली असायचा. कुठल्याही क्लबात शिकवणाऱ्याने पहिल्याच मिनिटाला दुरुस्त केलं असतं असं ते धरणं. त्या पकडीने त्याने १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीनदा डच ओपन जिंकली. १९६३ मध्ये तो आपल्याच गावी नाताळ ओपन जिंकला. वर्णभेदाच्या कायद्यामुळे त्याला क्लबहाउसात शिरता येत नव्हतं, म्हणून त्याला करंडक बाहेर पावसात दिला गेला. १९६५ मध्ये तीच स्पर्धा त्याने गॅरी प्लेअरला मागे टाकून जिंकली, आणि त्यानंतर सरकारने त्याची वाट बंद करून टाकली.

गॅरी प्लेअरची पुस्तकं जगभर वाचली गेली. सेवगोलमच्या पकडीचा धडा कुणी छापला नाही. ती पकड सगळ्यांनी घ्यावी असं मी म्हणत नाही. मी स्वतः प्रयत्न केला तेव्हा चेंडू सोडून चटईच उचलली गेली. मी एवढंच बघतो आहे की एकाच्या वेगळेपणाला शैली म्हणतात आणि दुसऱ्याच्या वेगळेपणाला दोष, आणि हा निवाडा पुष्कळदा चेंडू कुठे पडला ते न बघताच झालेला असतो. जिम फ्युरिकचा स्विंग वर जाताना एक मोठा फेरा घेतो. त्याला वडिलांनी शिकवलं आणि तो फेरा पुसू दिला नाही. तो २००३ ची यूएस ओपन जिंकला, २०१६ मध्ये एका फेरीत त्याने ५८ फटक्यांचा विक्रम केला, आणि तो फेरा कौतुकाचा विषय झाला. ऐन फटक्याच्या क्षणाचे फोटो शेजारी ठेवले तर फ्युरिकचा क्लब आणि होगनचा क्लब यांत फारसा फरक उरत नाही. वर जायच्या वाटा वेगळ्या, चेंडूला भिडायची जागा एक.

आता माझी गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी एका छोट्या प्रकाशनाने मला विचारलं की एका नव्या भाषांतरकार मुलीला मार्गदर्शन कराल का. ती अक्कलकोटकडची, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही बोलत वाढलेली. एका कन्नड लेखिकेच्या कथा ती मराठीत आणत होती. मी आनंदाने हो म्हटलं. मला स्वतःला कुणी मार्गदर्शक मिळाला नव्हता. बाविसाव्या वर्षी मी एका ज्येष्ठ भाषांतरकाराची वाक्यंच्या वाक्यं वहीत उतरवून काढायचो, दोन वर्षं, रोज रात्री. माझं मराठी त्या वहीतून आलं. या मुलीला तो वळसा पडू नये, असं मला मनापासून वाटलं.

तिच्या पहिल्या कथेत एक म्हातारी भांडी घासता घासता मुलाबद्दल बोलते. तिने लिहिलं होतं की बोलता बोलता म्हातारीचं बोलणं बारीक झालं. मी केलं, ‘तिचा आवाज क्षीण होत गेला’. तिने लिहिलं होतं, ‘सुनेच्या पोटात कालवलं’. मी केलं, ‘सून व्याकूळ झाली’. अशा बदलांनी पानं लाल होत गेली. काही ठिकाणी मी बरोबर होतो हेही सांगायला हवं. एका परिच्छेदात कोण कुणाच्या घरी गेलं हेच कळत नव्हतं. दुसऱ्या एका ठिकाणी कन्नड वाक्यरचना तशीच उतरल्यामुळे जो मेला तोच रडतो आहे असा अर्थ होत होता. पण अशी ठिकाणं सगळी मिळून वीस-पंचवीस असतील. बदल मी शेकड्यांनी केले.

तिने एकाही बदलाला हरकत घेतली नाही. पुस्तक निघालं. संपादक म्हणाले, पुण्यात राहून केल्यासारखं मराठी आहे. मला ते कौतुक वाटलं. महिन्याभराने तिचा निरोप आला: ‘‘सर, पुस्तक छान दिसतंय. पण मी केलंय असं वाटत नाही. पुढच्या आवृत्तीवर तुमचंच नाव टाका.’’ मला तो विनय वाटला. तसं मी चार जणांना सांगितलंही. त्या लेखिकेच्या पुढच्या पुस्तकाचं काम तिने घेतलं नाही. विचारलं तर म्हणाली, वेळ होत नाही.

‘हा हात कुणाचा’ असं मास्टरांनी विचारलं त्या रात्री मला तिचा निरोप आठवला, आणि तो विनय नव्हता हे दोन वर्षं उशिरा कळलं.

मी स्वतःची बाजू मांडून पाहिली. मीही दुसऱ्याचा कित्ताच गिरवला होता, मग तिने माझा गिरवला तर काय बिघडलं? पण तो ज्येष्ठ भाषांतरकार मी निवडला होता. त्याची वाक्यं मी माझ्या वहीत, माझ्या वेळेने उतरवत होतो, आणि जे जमेना ते सोडूनही देत होतो. त्याला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं. जोन्सनेही मेडन निवडला होता. या मुलीने मला निवडलं नव्हतं. तिच्या पाटीवर मी माझं अक्षर काढलं, आणि ती गिरवायच्या आत स्वतःच त्यावरून पेन्सिल फिरवून टाकली.

यावर एक आक्षेप निघतो आणि तो वजनदार आहे. आजीचा ‘अ’ तरी मी कुठे निवडला होता? वळण लावणारा विचारून लावत नाही. खरं आहे. ‘अ’ सगळ्यांना ‘अ’ म्हणून वाचता आला पाहिजे. तिथे वाचणाऱ्याचा हक्क लिहिणाऱ्याच्या लहरीपेक्षा मोठा आहे. मास्टरही लाडावणारे नाहीत. माझी पकड त्यांनी त्याच दिवशी बदलली. मागे जाताना माझी कंबर बाजूला सरकते तेव्हा ते काठी टेकवून मला थांबवतात. पण माझे हात खांद्याच्या वर जात नाहीत याबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत, कारण तो आखडलेला खांदा आहे आणि चेंडू त्याशिवायही सरळ जातो. एकदा मी विचारलं, कुठलं बदलायचं आणि कुठलं राहू द्यायचं हे तुम्ही ठरवता कसं? त्यांनी समोरच्या पाटीकडे बोट केलं. ‘‘मी तुमच्याकडे बघत नाही सार, चेंडूकडे बघतो. चेंडू चुकला की मग तुमच्याकडे बघतो.’’

पहिल्या दिवशीच्या पन्नास चेंडूंचा अर्थ मला तेव्हा लागला. ते खुर्चीत बसून चेंडू बघत होते.

हा निकष मी माझ्या कामाला लावून पाहिला. भाषांतरात चेंडू म्हणजे काय? मूळ कथेत जे घडतं ते मराठी वाचकापर्यंत पोचलं की नाही, ते. ‘जो मेला तोच रडतो’ असं झालं तिथे चेंडू जाळीत गेला होता. तिथे हात धरून बदलण्याचा मला अधिकार होता. ते माझं कर्तव्यच होतं. ‘बोलणं बारीक झालं’ इथे चेंडू नेमका पाटीपाशी पडला होता. भांडी घासणाऱ्या म्हातारीचं बोलणं बारीकच होतं. तिचा आवाज क्षीण होत नाही. तो फटका मी दुरुस्त केला तो केवळ माझ्या हातात तसा क्लब बसत नाही म्हणून. ज्या मराठीला मी प्रमाण समजत होतो, तिच्या मागे शाळा, छापखाने आणि पुण्यातली बैठक उभी आहे. अक्कलकोटच्या बोलीमागे तसं कुणी नाही. क्लबहाउसच्या दाराशी मी कुठल्या बाजूला उभा होतो हे कळायला मला डर्बनपर्यंत जावं लागलं.

शिकणाऱ्याने काय करावं हे मला आता थोडंफार सांगता येईल. थोरांचं तंत्र जरूर घ्यावं. घेताना ते कुठल्या अडचणीवर काढलेलं उत्तर आहे हे विचारावं, आणि आपली अडचण तीच आहे का हे स्वतःच्या चेंडूवरून तपासावं. शिकवणाऱ्याचं काम जास्त अवघड आहे. त्याच्या हातात एक तंत्र मुरलेलं असतं आणि ते त्याला तंत्र वाटतच नाही, योग्य वाटतं. समोरच्याचं वेगळेपण खुपलं की ते चूक म्हणून खुपतंय की केवळ आपलं नाही म्हणून, हे तपासायला थांबावं लागतं. मी थांबलो नाही. माझा हेतू चांगला होता, आणि चांगला हेतू असला की थांबावंसं वाटत नाही.

गेल्या महिन्यात मी तिचा पहिला खर्डा शोधून काढला. तो पुन्हा वाचला आणि वाचक खरोखर अडखळेल अशा जागांवरच खुणा केल्या. एकूण तेवीस निघाल्या. बाकी सगळं होतं तसं ठेवलं, आणि एका पत्रासोबत तिला पाठवलं. पत्रात लिहिलं की मी तुझ्या पुस्तकाचं नुकसान केलं, तू सांगितलं तेव्हा मला ऐकू आलं नाही, आणि दुसरी आवृत्ती निघालीच तर ती या खर्ड्यावरून निघावी असं मी प्रकाशकांना कळवलं आहे. प्रकाशकांनी सांगितलं आहे की पहिली आवृत्ती संपल्याशिवाय काही करता येणार नाही. ती संपायला वेळ लागेल.

तिचं उत्तर आलं: ‘‘फाइल मिळाली. वाचते.’’ त्यानंतर काही आलेलं नाही. माफी मागितली की समोरच्याने पुन्हा लिहायला लागावं, अशी अपेक्षा धरणं म्हणजे पुन्हा तिच्या हातावर हात ठेवणं आहे, असं स्वतःला सांगतो. अपेक्षा राहतेच.

आज सकाळी रेंजवर माझ्या शेजारच्या चटईवर एक नवा मुलगा होता, विशीतला, कुठल्यातरी आयटी कंपनीचं ओळखपत्र गळ्यात. त्याने मोबाइल बादलीला टेकवून ठेवला होता आणि पडद्यावर कुणी चॅम्पियन सावकाश वळत होता. मुलगा त्याच्यासारखा वळायचा प्रयत्न करत होता. डावा हात बराच उलटा. मला सांगायची अनावर इच्छा झाली. मास्टर मागे खुर्चीत बसले होते. मी माझी बादली उचलून दोन चटया पलीकडे गेलो आणि त्याचे चेंडू कुठे जातात ते बघत राहिलो.